कॉम्प्युटर, कव्हरासकट

आमच्या घरी कॉम्प्युटरचा वेग कुकरच्या शिट्ट्यांत मोजतात. गिगाहर्ट्‌झ आणि मेगाबाइट ही दुकानात बोलायची भाषा. घरी आल्यावर बटण दाबायचं आणि स्वयंपाकघराकडे कान लावायचा. २००३च्या पाडव्याला नवा कोरा आणला, तेव्हा पहिली शिट्टी व्हायच्या आत पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवं कुरण हजर होत असे. २००९पर्यंत तो तीन शिट्ट्यांवर आला. २०१६ साली मी बटण दाबलं की बायको आतून विचारायची, "अहो, मग राजमाच टाकू का?"

या कॉम्प्युटरनं आमच्याकडे बावीस वर्षं काढली. म्हणजे त्यातल्या नक्की कोणी काढली, हा प्रश्न अवघड आहे. तो पुढे येईलच.

घेताना कारण दिलं होतं 'मुलीच्या शिक्षणासाठी'. मुलगी तेव्हा दीड वर्षांची होती. पण मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर आणायला त्या काळी दुसरं कारण चालतच नसे. मुलीनं शिक्षणाच्या नावाखाली त्याच्याशी केलेला एकमेव व्यवहार म्हणजे सीडीच्या कप्प्यात ठेवलेलं अर्धं बिस्किट. आज ती हिंजवडीत चांगल्या पगारावर कॉम्प्युटरचंच काम करते आणि घरचा बिघडला की म्हणते, "बाबा, मी सॉफ्टवेअरवाली. हे हार्डवेअर आहे."

कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेणं म्हणजे आमच्या लेखी विकतची पुरणपोळी खाणं. त्यामुळे तपकीर गल्लीत जाऊन एकेक भाग निवडून, मंडईतल्या वांग्यासारखा दाबून बघून, असेंबल करून घेतला. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, फ्लॉपी, सीडी रायटर आणि सतरा इंची मॉनिटर. मॉनिटर रिक्षातून माझ्या मांडीवर बसून आला. मांडीला ते अजून आठवतं. जोडणारा पोरगा लूनावरून आला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. शेवटचा स्क्रू पिळून तो म्हणाला, "दादा, आता दहा वर्षं बघायला नको. पुढं लागेल तसं अपग्रेड करता येतंय."

अपग्रेड! हा शब्द मला फार आवडला. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला, तो असा: टाकायचं काहीच नाही.

मॉनिटर थंड झाल्याची हात लावून खात्री केल्यावर आईनं त्याची मापं घेतली. ऑफिसला नेसून विरलेल्या वायलच्या साडीची, खाली झालर असलेली तीन कव्हरं दोन दिवसांत तयार झाली. मॉनिटरला मोठं, कॅबिनेटला उभं आणि कीबोर्डला उशीच्या अभ्र्यासारखं. रात्री सगळं झाकून ठेवलं की कोपऱ्यात तीन बायका पदर घेऊन बसल्यासारख्या दिसत.

कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं वापरला तो आईनंच. ती सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखिका होती. २००५ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सवयीनं कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. ऑफिसात होतं तसलंच टाइपरायटरच्या कळांचं मराठी सॉफ्टवेअर तिनं टाकून घेतलं आणि एक फाइल उघडली. तिला नाव दिलं 'नवीन'. पुढची वीस वर्षं तिनं दुसरी फाइल उघडलीच नाही. 'अर्धा कागद कोरा असताना दुसरा कशाला चढवायचा?' हा तिचा ऑफिसातला शिरस्ता. त्यामुळे 'नवीन'मध्ये दुधाचा हिशेब, गोडा मसाल्याचं प्रमाण, भिशीची यादी, पानशेतच्या पुराच्या आठवणी आणि परत दुधाचा हिशेब, असं सगळं एकाखाली एक आहे.

मी मात्र कॉम्प्युटर वापरण्यापेक्षा सुधारण्यात जास्त वेळ घालवला. सुरुवात खोडरबरानं झाली. एके दिवशी बटण दाबल्यावर तो पडद्यावर काही न दाखवता नुसताच लांब सुरात कण्हायला लागला. पोरगा आला, रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घासलं, परत बसवली. चालू! संपर्काच्या जागी साचलेली मळी निघाली की वीज नीट वाहते, इतकं साधं कारण. पण त्या दिवसापासून मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. इमारतीत कोणाचाही कॉम्प्युटर अडला की मी खिशात खोडरबर टाकून निघे. दहापैकी तीन वेळा तो सुरू होई. उरलेल्या सात वेळा मी 'मदरबोर्ड गेलाय' असं गंभीरपणे सांगून चहा घेऊन परत येई.

आणि मग २०१० साली आमचाच मदरबोर्ड गेला. बोर्डावरचे छोटे पिंपासारखे कपॅसिटर फुगून त्यांची टोपणं वर आली होती. "दादा, फक्त बोर्ड बदलू," पोरगा म्हणाला. लंगोटीवाल्या साधूची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, गाईला चारा म्हणून शेत आणि शेत बघायला कोणी नाही म्हणून लग्न. आमचंही तसंच झालं. नव्या बोर्डाच्या खाचेत पेंटियम ४ बसेना, म्हणून प्रोसेसर. नव्या बोर्डाला डीडीआर३ रॅम हवी आणि आमची पहिल्या पिढीतली, म्हणून रॅम. जुन्या एसएमपीएसच्या प्लगला वीस पिना आणि नव्या बोर्डाला चोवीस, म्हणून एसएमपीएस. जुन्या हार्डडिस्कपुरती एक खाच तेवढी कृपेनं शिल्लक होती. साधूचं निदान लग्न तरी झालं. माझा दिवाळीचा बोनस गेला.

त्यातही रॅम सढळ हातानं ४ जीबी घेतली होती. पडद्यावर ३.२५ दिसायला लागली. मला वाटलं, पाऊण जीबी दुकानदारानं कापून घेतली. तागडीत मारतात तशी! मी तावातावानं फोन लावला. तो म्हणाला, ३२ बिटच्या विंडोजला मोजताच येतं ते ४ जीबीपर्यंत, त्यातही काही पत्ते बोर्डावरच्या बाकीच्या भागांसाठी राखून ठेवावे लागतात. पत्रावळी मांडल्यात, पण काही जागा यजमानांच्या म्हणून रिकाम्या. मी गप्प बसलो. जेवायला वाढलेलं सगळं दिसलंच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही.

या सगळ्यातून मला एक नियम सापडला. एक भाग नवा आणला की बाकीचे एका रात्रीत म्हातारे होतात. हॉलला रंग दिला की दुसऱ्या दिवशी सोफा मळका दिसायला लागतो, तसं. प्रोसेसर पळायला लागला, तेव्हा हार्डडिस्क रांगते आहे हे कळलं. आणि ते कळल्याचं हार्डडिस्कला बहुधा लागलं असावं, कारण २०११च्या नोव्हेंबरात तिनं 'टक्‌... टक्‌...' करत प्राण सोडला.

मरायलाही मुहूर्त बघावा. त्याच सुमारास थायलंडमध्ये महापूर आला होता. जगातल्या हार्डडिस्कचा मोठा हिस्सा तिथे बनत असे आणि ते कारखाने पाण्याखाली गेले. पुण्यात भाव दुपटीच्या घरात. मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "पूर तिकडे आणि पाणी आपल्या खिशात?" १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत. पुरात काय काय जातं याची यादी तिच्याकडे तयार असते. त्या यादीत तिनं हार्डडिस्क घातली.

माझं सगळं गेलं. फोटो, कर्जाचे तक्ते, 'कादंबरी_अंतिम_खरंच अंतिम' नावाची सव्वा पानाची फाइल. आईचं काहीच गेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ती 'नवीन' फाइल एका सीडीवर उतरवून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवत असे. "बॅकअप घेतेस तू?" मी थक्क होऊन विचारलं. "बॅकअप कसला? कार्बन कॉपी. कॉपी काढल्याशिवाय मी आयुष्यात एक पत्र टाइप केलेलं नाही."

पुढे मॉनिटर गेला, चपटा आला. आईनं मोठं कव्हर उसवून अर्धं केलं आणि उरलेल्या कापडाची पायपुसणी न करता घडी घालून ठेवली. "लागेल," ती म्हणाली. ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीची सेवा थांबली, मग विंडोज ७ आलं, त्यामागून १०. उन्हाळ्यात तो तापून मधेच बंद पडायला लागला म्हणून कॅबिनेटचं एका बाजूचं दार काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. ते दार परत कधीच बसलं नाही. त्यामुळे दर खंडेनवमीला हळद-कुंकू थेट मदरबोर्डाच्या शेजारी वाहता येऊ लागलं. एका वर्षी आतून पालीची दोन अंडी निघाली. पोरगा म्हणाला, "दादा, आतलं हवामान चांगलंय."

एकदा बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला. या सेलच्या जोरावर वीज नसतानाही कॉम्प्युटर तारीख-वार लक्षात ठेवतो. तो संपल्यावर प्रत्येक सकाळी आमच्याकडे १ जानेवारी २००२ उजाडायला लागला. भविष्यातलं काही तो मानेना. बँकेची साइट उघडायला गेलं की तिचं प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचंय, असं म्हणून दार लावून घेई. तीस रुपयांचा सेल आणायला मी आठवडा लावला. आईची तक्रार नव्हती. "त्याच्या मते मी अजून नोकरीत आहे," ती चष्मा पुसत म्हणाली. "असू दे की चार दिवस."

मग २०१७ साली एसएसडी बसवली. आयुष्यात केलेल्या खर्चांपैकी जे दोन-तीन वसूल झाले, त्यातला हा एक. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरायची आणि सुई माहिती शोधत हिंडायची, ग्रामोफोनसारखी. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. बटण दाबलं आणि मी सवयीनं कान स्वयंपाकघराकडे लावला. एकही शिट्टी झाली नाही. पडदा आलाही. बायको बाहेर येऊन म्हणाली, "बिघडला का?"

त्या एका डब्बीएवढ्या वस्तूनं म्हाताऱ्याला आठ वर्षं दिली. मला वाटलं, हे असंच चालायचं. एकेक ठिगळ लावत गेलं की गोधडी कधी फाटतच नाही. मूळ लुगडं कुठलं, हे फक्त विचारायचं नाही.

पण २०२५ साली पडद्यावर सूचना येऊ लागली: १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १०ला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट मिळणार नाहीत. मी फोन केला. लूनावरचा पोरगा आता चारचाकीतून आला. पोट सुटलेलं, मागे त्याचा मुलगा बॅग घेऊन. आत येताच म्हणाला, "काय काका, कसं काय?"

मी दचकलो. दादाचा काका नक्की कुठल्या वर्षी झाला? असा अपडेट रात्री आपण झोपलेलो असतानाच होत असावा. आणि तो मागे घ्यायचं बटण नसतं. त्याच्या मुलानं तर मला 'अंकल' म्हणून पुढच्याच आवृत्तीत नेऊन टाकलं.

पोरानं उघड्या बाजूनं आत टॉर्च मारला आणि लांबून, हात न लावता म्हणाला, "अंकल, हे नाही घेणार अकरा. त्याला टीपीएम दोन पाहिजे."

"म्हणजे?"

"सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळायची सोय असते बोर्डात. तुमच्या बोर्डात नाहीये."

"किल्ल्या मी कमरेला लावते," आई म्हणाली. पण पोरगा हसला नाही. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर आला, प्रोसेसर आला की रॅम डीडीआर४ किंवा ५. साधू पुन्हा लंगोटी घेऊन दारात उभा.

"तरी पण हिशेब काढ," मी म्हणालो. "कॅबिनेट चांगलं आहे. असा पत्रा आता मिळत नाही."

बाप-लेकानं एकमेकांकडे बघितलं. ही नजर मला ओळखीची आहे. बँकेत थकीत कर्जदार 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणतो, तेव्हा आम्ही दोघं-तिघं अशीच बघतो.

त्यावर आई बोलली. इथे सांगायला हवं की आमच्या घरात सगळ्यांत जास्त अपग्रेड झालेली व्यक्ती आई आहे. कवळी २००९ची, दोन्ही डोळ्यांत २०१४ची भिंगं, दोन्ही गुडघे २०१८चे. तिला बघूनच तर मला उमेद येत असे. ती म्हणाली, "अरे, मी गुडघे बदलले ते देवळापर्यंत चालत जायचं होतं म्हणून. तू याचे भाग बदलतोस ते याला टाकायचा धीर होत नाही म्हणून. दोन्हीत फरक आहे." आणि मग पोराकडे वळून, "बाळा, नवा कितीला?"

पाडव्याला नवा आला. पिशवीतून आला! आईच्या मिसळणाच्या डब्यापेक्षा लहान. मी चारही बाजूंनी फिरवून बघितला. सीडीचा कप्पा नाही, पंख्याची घरघर नाही, उघडायला दार नाही. खोडरबर कुठे घासायचं हेच कळेना. बटण दाबल्यावर तो इतक्या लवकर सुरू झाला की मला तयारीच करता आली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचं बटण दाबून पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर तो माझी वाट बघून झोपलेला.

आता फक्त 'नवीन' फाइल त्यात घालायची होती. घातली, उघडली आणि पडद्यावर कुठल्या तरी परदेशी भाषेचा दंगा झालेला दिसला. डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह. आईची वीस वर्षं. मी घामाघूम.

दोष कोणाचाच नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची घरं मिळाली, पण तिथे राहायला जायला आपण पुढची पंधरा-वीस वर्षं घेतली. तोवरचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरात भाड्यानं राहत. फॉन्ट काढला की मूळ मालक दार उघडतो. त्यातून टाइपरायटरची पद्धत अशी की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी ठोकायची आणि अक्षर मागून. युनिकोडला बोलतो तो क्रम हवा. आधी अक्षर, मग वेलांटी.

मुलगी शेवटी कामाला आली. तिला कुठून तरी फॉन्ट बदलणारा प्रोग्रॅम मिळाला. त्यानं सगळं देवनागरीत आणलं, फक्त पहिली वेलांटी प्रत्येक ठिकाणी शेजारच्या अक्षराला दिली. महिन्याचा 'मिहना' झाला, पहिलीची 'पिहली', कवितेची 'किवता'. पेशवे पार्कातल्या हरिणांची 'हिरणं' झाली, म्हणजे त्यांचं परस्पर हिंदीत भाषांतर. आणि पुराच्या रात्री आईच्या ज्या वहिनीनं अंगावरच्या लुगड्यानिशी दोन पोरं आणि शिवणाचं मशीन वाचवलं, तिची झाली 'विहनी'. "शोभतंय," आई म्हणाली. "तोरा विहिणीचाच होता तिचा."

मी म्हणालो, "जुना ठेवू या. फक्त या एका फाइलसाठी." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. कारण सापडलं होतं.

"काही गरज नाही," आई म्हणाली आणि साडेदहाला बसली. रोज चार पानं, एकेक वेलांटी उचलून जागेवर. साठ वर्षांची सवय मोडायला तिला दोन दिवस लागले; अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बोटं आधी अक्षर, मग वेलांटी असं शिकली. मला अजून नव्या कॉम्प्युटरचं बटण शोधावं लागतं.

म्हाताऱ्याला निरोप द्यायचा दिवस आला. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता. मुलगी म्हणाली, चालणार नाही, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो अधिकृत ठिकाणीच जाईल. तिथला माणूस टेम्पो घेऊन आला. देण्याआधी एसएसडी काढून घेतली आणि सहज हिशेब मांडला: २००३ साली पाडव्याला आलेलं यात आता काय उरलंय? बोर्ड नाही, प्रोसेसर नाही, रॅम, डिस्क, मॉनिटर, माउस काहीच नाही. कॅबिनेटचा पत्रा आणि त्यावरचं बावीस खंडेनवम्यांचं कुंकू. बस. म्हणजे आपण सांभाळला तो कॉम्प्युटर कुठला? पत्रा टेम्पोत चढला, तेव्हा तो प्रश्नही चढला.

घरात आलो तर शिलाई मशीनचा आवाज येत होता. आईनं २०१२ साली घडी घालून ठेवलेलं वायलचं कापड काढलं होतं. नव्या डब्याला टोपी शिवून झाली होती, झालरीसकट. झाकला की तो नैवेद्याच्या वाटीसारखा दिसायला लागला.

"अगं, याला कव्हर लागत नाही. आत हवा जायला हवी."

"रात्री झाकायचं, सकाळी काढायचं," ती दोरा दातानं तोडत म्हणाली. कवळीच्या. "आणि जरा मोठंच शिवलंय. पुढचा याच्यापेक्षा लहान आला तर उसवून कमी करता येईल. मोठा आला तर कापड कुठून आणू?"

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी सवयीनं पडद्याकडे बघितलं. तो कधीचाच उघडा होता, आणि त्यावर 'नवीन'.